गुंगी आणि आठवण

दातांच्या उपचारांची भीती वाटणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: आता काही दुखत नाही. उत्तर खरे असते, पण त्याने समाधान होत नाही, कारण घाबरलेल्या माणसाचा प्रश्न वेगळाच असतो. लिडोकेन हे औषध १९४३ मध्ये तयार झाले आणि १९४८ च्या सुमारास वापरात आले; तेव्हापासून हिरडीत दिलेल्या इंजेक्शनने दात आणि त्याच्या भोवतालचा भाग बधिर करणे हे दंतवैद्यांचे रोजचे काम होऊन बसले आहे. वेदनेचा प्रश्न असा बराचसा सुटला, तरी खुर्चीत बसताना तळहातांना घाम फुटणारी माणसे उरलीच. मी त्यांच्यापैकी एक. मला भीती वाटते ती मागे कलणाऱ्या खुर्चीची, तोंड उघडे असल्यामुळे बोलता न येण्याची, घशाशी साठत जाणाऱ्या पाण्याची आणि कानांपेक्षा जबड्याच्या हाडातूनच जास्त ऐकू येणाऱ्या ड्रिलच्या आवाजाची. कोणाला सुईची भीती वाटते, कोणाला उलटी होईल याची, तर कोणाला इतक्या वर्षांनी किडलेले दात दाखवण्याची लाजच अधिक असते. मग भेट पुढे ढकलली जाते, दात आणखी बिघडतो, उपचार मोठा होतो आणि भीतीला नवे निमित्त मिळते.

गुंगी देण्याची सोय या माणसांसाठी आहे. तिच्याविषयी पहिला गैरसमज दूर करायला हवा तो असा, की गुंगीने दात बधिर होत नाही. गुंगीचे औषध मेंदूवर काम करते आणि भीती सैल करते. दाताची जाणीव थांबवायला हिरडीतले इंजेक्शन लागतेच, फक्त ते गुंगी चढल्यावर दिले जाते, म्हणून त्याचे फारसे काही वाटत नाही. दुसरा गैरसमज असा, की गुंगी म्हणजे झोप. सौम्य आणि मध्यम गुंगीत माणूस जागा असतो, हाक मारली तर ओ देतो, ‘तोंड उघडा’ म्हटले की उघडतो. त्याच्या पुढे गाढ गुंगी आणि त्याहून पुढे संपूर्ण भूल. या चार पायऱ्या कागदावर वेगळ्या लिहिल्या, तरी शरीरात त्यांच्यामध्ये भिंती नाहीत. मध्यम गुंगी द्यायची ठरवलेला माणूस नकळत गाढ गुंगीत जाऊ शकतो. गुंगीविषयीचे सगळे नियम आणि सगळी यंत्रे मुळात याच एका शक्यतेसाठी आहेत.

उपलब्ध पर्यायांची तुलना नेहमी त्यांच्या जोरावरून केली जाते: नाकाने हुंगायचा वायू सर्वांत सौम्य, गोळी त्याहून जोरकस, शिरेतून दिलेले औषध आणखी जोरकस. त्यातले बरेचसे स्वतः अनुभवल्यावर आणि घरातल्या लहानथोरांबरोबर पाहिल्यावर मला वाटू लागले आहे की निवड करताना त्याहून महत्त्वाचा प्रश्न आठवणीचा आहे. उपचार संपल्यावर त्या तासातले काय त्या माणसाजवळ राहावे आणि काय राहू नये?

हा प्रश्न या विषयाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे गार्डनर क्विन्सी कोल्टन यांनी नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे लाफिंग गॅसचा, जाहीर खेळ केला. तो वायू हुंगून बेभान झालेल्या सॅम्युअल कूली या तरुणाच्या पायाला चांगलीच इजा झाली, पण त्याला तिचा पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याच्या ते बरोबर ध्यानात आले. दुसऱ्याच दिवशी वेल्स स्वतः रुग्ण होऊन बसले, कोल्टन यांनी वायू दिला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याने वेल्स यांची दाढ काढली. पुढच्याच महिन्यात वेल्स यांनी बोस्टनमध्ये डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक केले, तेव्हा मात्र दात काढताना रुग्ण ओरडला आणि सभागृहाने वेल्स यांना लबाड ठरवले. पावणेदोन वर्षांनी, ऑक्टोबर १८४६ मध्ये, त्यांचेच एके काळचे भागीदार विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथर या भूल देणाऱ्या द्रव्याचे प्रात्यक्षिक यशस्वी करून दाखवले. वेल्स यांचा शेवट फार दुःखद झाला. पण त्या फसलेल्या प्रयोगाच्या हकिकतीत एक तपशील आहे, ज्याकडे मला पुन्हा पुन्हा परतावेसे वाटते: आपण ओरडलो असलो तरी फारसे दुखल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्या रुग्णाने नंतर सांगितले होते. सभागृहाने किंकाळी मोजली आणि रुग्णाने आठवण. त्या दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवणे मला अजूनही सोपे वाटत नाही.

तोच वायू आज दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी एका लहानशा यंत्रातून येतो. नाकावर मऊ टोपी बसवतात. आधी काही वेळ नुसता ऑक्सिजन दिला जातो, मग नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण पाच ते दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी वाढवत नेतात, आणि प्रत्येक पायरीवर डॉक्टर विचारतात: आता कसे वाटते? बहुतेकांना तीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास पुरेसे वाटते. ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली जाऊच नये अशी सोय यंत्रातच केलेली असते, म्हणजे साध्या हवेत असतो त्यापेक्षा अधिक ऑक्सिजन रुग्णाला सतत मिळत राहतो. परिणाम दोन-तीन मिनिटांत जाणवतो. माझ्या बाबतीत आधी पायांच्या बोटांना मुंग्या आल्या, मग हातपाय उबदार आणि जड झाले आणि ड्रिलचा आवाज होता तेवढाच राहूनही माझ्याशी त्याचा संबंध उरला नाही. मी हसले वगैरे नाही. नावावरून ज्यांची तशी अपेक्षा असते त्यांची थोडी निराशा होते. उपचार संपल्यावर सुमारे पाच मिनिटे पुन्हा नुसता ऑक्सिजन देतात, कारण वायू रक्तातून झपाट्याने फुफ्फुसात परततो आणि तिथल्या ऑक्सिजनची जागा व्यापू शकतो. त्यानंतर डोके स्वच्छ होते.

या वायूच्या मर्यादाही साध्यासरळ आहेत. नाक चोंदलेले असेल तर तो आत जाणार नाही, आणि रडत तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाच्या नाकावरची टोपी केवळ शोभेची ठरते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो टाळतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर तो मुरेपर्यंत नायट्रस ऑक्साइड मुळीच चालत नाही, कारण त्या बुडबुड्यात तो शिरला तर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. ब जीवनसत्त्वातील बी-१२ ची मोठी कमतरता असल्यास तेही आधी सांगायला हवे. पण या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाचा वाटणारा गुण असा, की वायूखाली घडलेले बहुतेक सारे आठवते. खुर्चीत आपण होतो, आवाज ऐकला, इंजेक्शन घेतले आणि पार पडलो, ही माहिती माणसाबरोबर घरी येते.

मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचे तसे नाही. ते शिरेतून थोडे थोडे, मधे थांबत, रुग्णाकडे पाहत दिले जाते. माझी अक्कलदाढ हाडात आडवी रुतलेली होती आणि तिच्यासाठी भूलतज्ज्ञांना बोलावून हाच मार्ग घेतला गेला. सुईची भीती असणाऱ्यांसाठी हा क्रूर विनोद वाटेल, पण त्यावरही उपाय आहे: लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे मलम हाताला तासभर आधी लावून ठेवले तर शिरेत सुई गेल्याचे फारसे कळत नाही. भूलतज्ज्ञ मला काहीतरी विचारत होते, मी उत्तर देत होते, आणि त्याच वाक्याच्या मध्यावर कोणीतरी म्हणाले की झाले. मला खात्री होती की अजून सुरुवातच व्हायची आहे. मधला तासाभराहून मोठा काळ माझ्यासाठी अस्तित्वातच नाही. नंतर कळले की त्या काळात मी जागी होते, सांगितल्याप्रमाणे तोंड उघडत होते, एकदा मान वळवायला नाखूश होते आणि घरी जाताना बहिणीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते. मिडाझोलाम नव्या आठवणी बनू देत नाही. जे आधीचे आहे त्याला ते हात लावत नाही. त्यामुळे खुर्चीत येईपर्यंतची भीती जशीच्या तशी स्मरणात राहिली आणि तिच्यापुढे जे सुखरूप घडले ते नोंदलेच गेले नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या माणसाला दंतवैद्याकडे पूर्वी खरोखर भयंकर अनुभव आलेला आहे, किंवा ज्याच्यावर तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया करायची आहे, त्याला ती आठवण न देणे हे उपकारच आहेत, आणि मी स्वतः ते कृतज्ञतेने घेतले. पण भीतीचा विचार केला तर मी त्या दिवशी काहीच शिकले नाही. पुढच्या भेटीला मी पुन्हा तेवढ्याच जड पावलांनी गेले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये दातांच्या भीतीवर मानसोपचाराच्या अंगाने, म्हणजे विचार आणि वर्तन टप्प्याटप्प्याने बदलण्याच्या पद्धतीने, काम करणारा विभाग आहे. तिथल्या रुग्णांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे ७९ टक्के जणांनी पुढे गुंगीशिवाय उपचार करून घेतल्याचे नोंदले आहे. हे आकडे गुंगीच्या विरोधात वापरावेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. दात ठणकत असलेल्या माणसाला सहा आठवड्यांचे समुपदेशन सुचवणे म्हणजे आग लागलेल्या घराला विहीर खणून देण्यासारखे आहे. तातडीचे काम गुंगीत उरकावे आणि भीतीचे काम नंतर, जागेपणी करावे, एवढाच माझा निष्कर्ष आहे.

गोळ्यांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबद्दल लोकांना वाटणारा विश्वास मला थोडा जास्त वाटतो. डायझेपाम किंवा ट्रायझोलामसारखी गोळी आदल्या रात्री किंवा तासभर आधी घ्यायला देतात. सुई नाही, यंत्र नाही, म्हणून ती सोपी भासते. पण पोटात गेलेली गोळी डॉक्टरांच्या हातात राहत नाही: परिणाम कमी पडला तर लगेच वाढवता येत नाही आणि जास्त झाला तर मागे घेता येत नाही. अजून काही वाटत नाही म्हणून घरच्या घरी दुसरी गोळी घेणे धोक्याचे, कारण तेवढ्यात पहिली चढू लागलेली असते. दारू, झोपेची औषधे किंवा अफूवर्गातली वेदनाशामके यांच्या जोडीला ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. डायझेपामचा अंश शरीरात कित्येक दिवस रेंगाळतो. गोळी असो वा शिरेतले औषध, त्या दिवशी वाहन चालवायचे नाही, कागदपत्रांवर सह्या करायच्या नाहीत आणि घरी न्यायला जबाबदार माणूस हवाच.

मुलांची गोष्ट निराळी आहे आणि इथे मला सर्वांत सावकाश जावेसे वाटते. लहान मूल म्हणजे कमी वजनाचा प्रौढ माणूस नव्हे. त्याची श्वासनलिका अरुंद असते, जीभ तोंडाच्या मानाने मोठी, टॉन्सिल वाढलेले असण्याची शक्यता अधिक; शरीरातला ऑक्सिजनचा साठा थोडा आणि त्याचा खर्च जास्त. श्वास अडला तर प्रौढाला मिळतो तेवढा अवधी मुलाला मिळत नाही. त्यात दंतवैद्याचे काम नेमके तोंडातच चालते, म्हणजे श्वासाच्या वाटेवरच पाणी, कापूस आणि हत्यारे असतात. म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि बालदंतवैद्य यांच्या संघटनांनी २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट म्हटले आहे की गाढ गुंगी देताना उपचार करणाऱ्या दंतवैद्याखेरीज फक्त मुलाच्या श्वासाकडे आणि नाडीकडे पाहणारी, त्या कामात तरबेज अशी स्वतंत्र व्यक्ती हवीच. ब्रिटनने २००१ च्या अखेरीपासून दातांसाठीची संपूर्ण भूल फक्त रुग्णालयांपुरती मर्यादित केली, त्यामागेही दवाखान्यांत झालेल्या मृत्यूंचाच अनुभव होता.

माझ्या भाचीच्या दाढांचा प्रश्न आला तेव्हा तिच्या आईने डॉक्टरांना जे विचारले ते प्रत्येक पालकाने विचारावे असे मला वाटते. गुंगी कोण देणार आणि तेवढा वेळ मुलीकडे कोण पाहणार? बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरबरोबर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याची सोय आहे का? श्वास थांबला तर रक्तातला ऑक्सिजन उतरायला वेळ लागतो, पण कार्बन डायऑक्साइडचा आलेख लगेच सपाट होतो. त्यामुळे धोक्याची पहिली खूण तोच देतो. औषधाचा उतारा हाताशी आहे का? मिडाझोलामला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण त्याचा परिणाम मूळ औषधाआधी ओसरू शकतो, म्हणून तो दिल्यावरही मुलाला बराच वेळ थांबवून घ्यावे लागते. ती घोरते का, तिला सध्या सर्दी-खोकला आहे का, हे डॉक्टरांनी आपणहून विचारले, आणि त्यामुळे आमचा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. उपाशी राहण्याचे नियमही त्यांनी लिहून दिले: पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास, इतर दूध किंवा हलका आहार सहा तास, आणि तेलकट खाल्लेले असेल तर आठ. पोट भरलेले असताना गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. मुलाने हट्ट केला म्हणून दिलेले बिस्किट लपवणे इतके महागात पडू शकते.

मग त्या डॉक्टरांनी असे काही सुचवले, ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता: गुंगीची गरजच कमी करता येते का ते आधी पाहू. लहान वयातल्या काही किडींवर चांदी आणि फ्लोराइड यांचे द्रावण लावून कीड थोपवता येते. दात काळा दिसतो, पण ड्रिल लागत नाही आणि मूल थोडे मोठे, समजूतदार होईपर्यंत वेळ मिळतो. दुधाच्या काही दाढांवर सुई किंवा ड्रिल न वापरता धातूची टोपी बसवण्याची पद्धतही आहे. एका दाढेला मात्र काम करावे लागणारच होते. त्यासाठी वायू ठरला, आणि नाकावरची टोपी घरी खेळायला देण्यापासून तयारी झाली. सांगायचे, दाखवायचे, मग करायचे, हा बालदंतवैद्यांचा जुना क्रम आहे आणि वायू त्याची जागा घेत नाही, त्याला जोर देतो. पाजायचे मिडाझोलामही मुलांना देतात, नाकातही सोडतात. काही मुले त्याने शांत होण्याऐवजी उलट चिडतात आणि हातपाय झाडतात, हे आई-वडिलांना आधी सांगितलेले नसेल तर त्यांचा धीर सुटतो.

तीन वर्षांखालच्या मुलांबाबत, तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीमुळे मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. दुसरीकडे, तान्ह्या मुलांना एकदाच, तासाभराहून कमी वेळ दिलेल्या भुलीचा पाचव्या वर्षी बुद्धीवर परिणाम दिसला नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. तोंडभर किडलेले दात, सूज, ताप आणि अन्न न घेणारे दोन वर्षांचे मूल असेल तर रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या हाताखाली, एकाच वेळी सगळे काम उरकणे हाच सर्वांत दयाळू मार्ग असतो. अशा मुलाला त्याची आठवण राहिली नाही तर बरेच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला, शक्य असेल तिथे, आठवण द्यावी. भाची बाहेर आली तेव्हा तिने टोपीतल्या वासाबद्दल, छतावरच्या दिव्याबद्दल आणि आपण हात वर करताच डॉक्टर कसे थांबले याबद्दल सांगितले. पुढची अनेक वर्षे तिला दंतवैद्याकडे जायचेच आहे, आणि तिच्याजवळ आता एक खरी, तिची स्वतःची हकिकत आहे.

वडिलांच्या बाबतीत माझा अंदाज चुकीचा निघेल असे मला वाटले नव्हते. त्यांच्या वयात यकृत आणि मूत्रपिंडे औषध सावकाश बाहेर टाकतात, त्याच मात्रेचा परिणाम तरुणापेक्षा अधिक होतो, रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि इतर गोळ्यांची भर असतेच. घरी आल्यावर रात्री उठताना तोल जाणे आणि काही तास गोंधळून जाणे हे वृद्धांमधले नेहमीचे धोके. त्यामुळे गुंगी दिलीच तर अगदी कमी मात्रेने आणि जास्त वेळ थांबत द्यावी लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर सुखरूप गेलेली भेट तशीही लक्षात राहणार नसते. तिथे प्रत्येक भेट पहिलीच समजून, सकाळच्या वेळी, थोडक्यात आणि ओळखीचा माणूस शेजारी ठेवून करायची. वडील मात्र पूर्ण भानावर होते, आणि त्यांनी गुंगीला साफ नकार दिला. त्यांच्या भीतीचे मूळ तरुणपणी पुरती बधिरता न येताच काढलेल्या एका दाढेत होते, आणि त्यांना हवे होते ते इतकेच, की डॉक्टरांनी आधी टोचून पाहावे आणि ते सांगतील तेव्हाच पुढे जावे. भानावर राहणे हेच त्यांचे औषध होते. मी त्यांच्यासाठी मनात वायू ठरवून ठेवला होता, आणि त्यांना विचारायचे राहून जाण्याची पुरती शक्यता होती.

दंतवैद्याकडे भीती मोजण्यासाठी पाच प्रश्नांचा एक छोटा तक्ता असतो. उद्या भेट असेल तर कसे वाटेल, प्रतीक्षागृहात, ड्रिलच्या वेळी, दात साफ करताना आणि इंजेक्शन घेताना कसे वाटेल, असे ते प्रश्न. गुण पाचपासून पंचवीसपर्यंत, आणि १९ किंवा अधिक म्हणजे तीव्र भीती. पूर्वी त्यात मी सहज वर असायचे. तक्ता उपयोगी आहे, कारण भीती बोलून दाखवायची लाज वाटणारा माणूसही खुणा करतो. माझ्या डॉक्टरांनी त्या तक्त्याखाली आणखी एक प्रश्न स्वतः लिहून घेतला आहे: झालेले लक्षात राहिलेले तुम्हाला आवडेल का? पहिल्यांदा मी ‘नाही’ लिहिले आणि अक्कलदाढेसाठी ते योग्यच होते.

त्यानंतरचे रूट कॅनल मी वायूवर करून घेतले. मग दात साफ करण्याच्या भेटी आल्या. त्यांना खरे तर काहीच लागत नाही, पण आम्ही वायू एकदम बंद न करता दर वेळी त्याचे प्रमाण उतरवत नेले. माझ्या केसपेपरवर तारखेपुढे टक्के लिहिलेले असतात आणि ते मी खुर्चीत बसण्यापूर्वी वाचून घेते. गेल्या भेटीला वीस टक्क्यांवर मुंग्या जेमतेम आल्या, आवाज सगळा ऐकू आला आणि मी एकदाच हात वर केला, तोही पाणी ओढून घ्या असे सांगण्यासाठी. पुढची तारीख घेताना डॉक्टरांनी विचारले की टोपी नुसत्या ऑक्सिजनवर ठेवून पाहायचे का. मी त्यांना सांगितले की यंत्र शेजारी उभे राहू द्या, त्या दिवशी बसल्यावर सांगते.